वहिनीचा दुसरा प्रश्न

वहिनी आज सकाळी गेली. मला दुसरा प्रश्न विचारणारं आता कोणी उरलं नाही.

तेव्हापासून मोबाइल धरून बसलोय. लिहितो, पुसतो. शाळा फार झाली नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चामोर्शीकडचं आमचं घर, तलावातल्या मासोळीवर चालणारं.

दादा आलापल्लीला सागवान उचलायला गेला. ओंडका घसरला, कमरेवर आला.

दुखणं सोसवेना म्हणून डॉक्टरांनी अफूची गोळी दिली. दुखणं थोडं दबलं. पण गाव त्याला अफीमची म्हणू लागलं.

आमच्याकडे समजूत होती, अफूवाल्याचा हात लागला की जाळं बधीर होतं, मासोळी अडकत नाही. गावात सगळ्यात छान जाळं विणणाऱ्या दादाला कोणी सुताला हात लावू देईना.

तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मला म्हणायचा, "मले तलावात लोटून दे."

येणारा जाणारा एवढंच विचारायचा, "गोळी घेतली का?"

वहिनी दोन प्रश्न विचारायची.

"कंबर कशी हाये?"

"अन् तुमी कसे हा?"

दुसऱ्याला दादा उत्तर देत नसे. ती रोज विचारायची, आणि थांबायची.

एक दिवस तिने आमचं फाटकं जाळं त्याच्या मांडीवर टाकलं.

मी घाबरलो. "वहिनी, जाळं बधीर होईन ना."

"होऊ द्या. माणूस बधीर होऊन राह्यला, ते नाई दिसत तुमाले?"

दादाने जाळं सांधलं. मी ते तलावात टाकलं. चांगली मोठी मरळ मासोळी अडकली.

मग शेजारचा चंपत आपलं जाळं घेऊन आला. ओट्यावर बसून गप्पा मारू लागला.

"अफीमची म्हणत होता ना बे मले?"

"अजूनबी म्हणतो. गाठ घट्ट मार."

त्या दिवशी वहिनीला उत्तर मिळालं. "कंबर लय दुखते. पण मी बरा हाओ."

गोळी सुटली नाही. दादा मात्र जगला, म्हातारा होऊन गेला.

आता माझ्या पाठीसाठी तशाच गोळ्या सुरू आहेत. मुलगा फोन करतो, "बाबा, टॅबलेट घेतली का?" चांगला आहे तो. हो म्हटलं की फोन ठेवतो.

वहिनी व्हिडिओ कॉलवर दोन्ही विचारायची. परवाही विचारलं. मी सांगणारच होतो, तेवढ्यात रेंज गेली.

वहिनी, पाठ आज बरी हाये.

मी बरा नाई.

तुझ्या दिराचा शेवटचा नमस्कार.