चार भोकांची शपथ

माझ्या आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन सर्जनच्या आधी मी केलं. नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, एका दुधीवर.

झालं असं की दोन महिन्यांत आईला तिसऱ्यांदा कळ आली. उजव्या बरगडीखालून निघून थेट पाठीत घुसणारी. सोनोग्राफीत खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, नुसते खडे काढून भागणार नाही, पिशवीच काढावी लागेल, नाहीतर ती पुन्हा खडे करत बसेल. मार्ग दोन. एक दुर्बिणीचा: पोटात हवा भरून चार छोट्या भोकांतून. दुसरा जुना: बरगडीखाली वीतभर चीर. त्यांचा कल दुर्बिणीकडे होता. आईचा कल घरी जाण्याकडे. फार वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीचं पोट असंच उघडलं होतं, आणि मावशी परत आली नव्हती. वीतभर चीर म्हटल्याबरोबर आई पदर सावरून उठलीच.

आता कॉलनीच्या गणपतीत वीस वर्षं माईक ज्याच्या हातात, तो माणूस गप्प बसेल? मी स्क्रूड्रायव्हरने दुधीला चार भोकं पाडली. एकाशी मोबाइलचा टॉर्च धरला, दुसऱ्यातून चिमटा घातला.

"हा कॅमेरा! ही कात्री! आणि आता मायबाप रसिकहो, पाहा, अलगद बी बाहेर येते..."

बी आली नाही. दुधी मधोमध उकलला.

"अहो, संध्याकाळची भाजी होती ती," बायको म्हणाली.

आई पोट धरून हसली. मग हसू थांबवून तिने विचारलं, "अन् भोकातून नाय निघाली तर रं?"

उत्तर मला ठाऊक होतं. आत चिकटलेलं असेल तर मध्येच पोट उघडावं लागतं, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, संमतीच्या कागदावरही ते होतं. पण खरं सांगितलं तर ती ऑपरेशनच करणार नाही, आणि पुढची कळ कुठे नेईल कोण जाणे.

"निघतेच," मी म्हणालो. "चीर नाही म्हणजे नाही. आईशप्पथ."

ही शपथ मी आयुष्यात हजारदा घेतली असेन. आईला समोर बसवून पहिल्यांदाच.

"बरं मंग," ती म्हणाली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जन खोलीत आले. आईने त्यांना विचारलं, "तुमची कात्री केवढी असती?" ती तीस वर्षं दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत विरळणीला जायची. बारीक कात्रीने घडातले जास्तीचे मणी कापायचे, शेजारच्या मण्याला धक्का न लावता. सर्जन खुर्ची ओढून बसले. मला आईने थर्मास देऊन चहाला पिटाळलं. परत आलो तेव्हा दोघं गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी आईला आत नेलं. तासाभराने सर्जन दाराशी आले, टोपी, मास्क, नुसते डोळे.

"पिशवी आतड्याला घट्ट चिकटलीय. असंच ओढत बसलो तर पित्तनळीला इजा होईल. उघडतोय."

"पण मी शपथ घेतलीय हो," मी म्हणालो. पन्नाशीचा माणूस, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये.

"कागदावर सही आहे तुमची."

"तिला एकदा विचारा ना."

ती बेशुद्ध होती. हे मलाही कळत होतं, बोलून झाल्यावर. मी मान हलवली आणि दार मिटलं. बायकोने मला हाताला धरून बाकावर बसवलं.

नंतर नातेवाईक म्हणून मला आत बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी दाखवली. चिरलेली, आत मुगाएवढे खडे. मी पाहिली, पण मला त्या ट्रेमधलं काहीच नको होतं. "श्वास घेतेय ना ती?" एवढंच विचारलं.

शुद्धीवर आल्यावर आईचा हात आधी पट्टीवर गेला. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं, सुरुवातही केली. "आई, मी तुला..."

"गप. मीच सांगितलं व्हतं डॉक्टरला. घड लय दाट असला की मधी कात्री खुपसायची नाय, मणी फुटत्यात. घड मोकळा करायचा, मंग कापायचं. म्हणलं तसंच करा, फक्त पोराला सांगू नका. तो घाबरतो लय."

"आणि तुला भीती नाही वाटली? मावशीचं..."

"वाटली की. बागंत साप बी असायचं. जायचीच ना कामाला?"

"मग मला शपथ कशाला घ्यायला लावलीस?"

"मी कुठं लावली? तूच घेतली." तिला हसू फुटलं आणि लगेच चेहरा वेडावाकडा झाला. "हसवू नको रं. टाकं दुखत्यात."

पुढचे पाच दिवस मी तिच्या उशाशी बसलो, तिला हसू येईल असं एक अक्षरही न बोलता. इतकी अवघड भूमिका मला आजवर कुणी दिली नव्हती.