हरीकाकांनी दिलेलं गॅस्केट

हे मी कोणाजवळ बोललेले नाही. यांच्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथे हात जोडले की मी चटकन दुसरंच काहीतरी मागायला लागते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं म्हणजे दडवून ठेवायचाही आता कंटाळा आलाय.

गोष्ट एका जुन्या मोटरसायकलच्या गॅस्केटची आहे. हसू आलं ना? येऊ दे. मलाही पुष्कळदा वाटलं, एवढंसं तर होतं ते — तळहातापेक्षा थोडं मोठं, तांब्याचं, मधे भोकं असलेलं. त्याचं एवढं काय घेऊन बसायचं? पण तेच घेऊन बसले आहे.

आमचं घर पालघरला, स्टेशनापासून जरा आत. तारापूरला मोठं वीजकेंद्र बांधायला घेतलं होतं, त्या काळातलं हे. हे रेल्वेत, नेमणूक वलसाडला, पंधरा दिवसांनी एकदा घरी. घरात मी, अर्धांगवायूनं आडव्या झालेल्या सासूबाई आणि माझे धाकटे दीर, मधुभाऊजी. सासूबाईंची वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. शरीर मात्र तसंच जड. सकाळी त्यांना उचलून मोरीपाशी न्यायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, संध्याकाळी पुन्हा तेच. उचलायचं काम भाऊजींचं. ते दोन्ही हात आईच्या पाठीखाली घालायचे आणि म्हणायचे, "चला आईसाहेब, स्वारी निघाली." सासूबाईंच्या वाकड्या तोंडावर तेवढ्यापुरतं हसू यायचं. माझ्या हाताखाली ते हसू कधी आलं नाही.

भाऊजी सायकलच्या दुकानात काम करत. डहाणूकडच्या एका वाडीत, पेंढ्याखाली पडलेली एक मोटरसायकल त्यांनी मिळवली. इंग्रजी, लढाईच्या आधीची. बाकीच्या मोटरसायकली वाऱ्यावर थंड होतात, हिला पाणी लागायचं. पुढच्या बाजूला जीपला असतो तसा छोटा रेडिएटर होता. आमच्या मागच्या पडवीत ती उभी राहिली आणि भाऊजी तिच्यापुढे उकिडवे.

पाण्याचं त्यांचं सोवळं भारी. विहिरीचं पाणी तसंच घालायचं नाही; बंबाच्या आत जमतो तसा पांढरा थर आत धरतो म्हणायचे. म्हणून मी चुलीवर पाणी उकळून द्यायचं, ते निवू द्यायचं, मग फडक्यातून गाळून घ्यायचं. त्यात ते लेथच्या कारखान्यातलं तेल थोडं टाकत. पाणी दुधासारखं व्हायचं. त्यानं आत गंज चढत नाही म्हणे. तारापूरला गोऱ्या इंजिनियरांच्या गाड्यांत कसलं हिरवं औषध घालतात, पाणी गोठू नये म्हणून, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. भाऊजी हसले. "वहिनी, आपल्याकडं गोठायला काय आहे? घाम?"

गाडी सुरू झाली, पण धूर पांढरा यायला लागला. रेडिएटरचं झाकण काढलं की आत भात रटरटावा तसे बुडबुडे. भाऊजींनी इंजिन खोललं. हेड आणि सिलिंडर यांचा सांधा घट्ट बसावा म्हणून मधे असतं ते गॅस्केट एका कडेला जळून गेलं होतं. त्यातून पाणी आत शिरत होतं. तेवढंच एक नवं मिळालं की झालं.

आणि ते मिळण्यावर बरंच काही अडलं होतं. तारापूरच्या एका ठेकेदाराला पालघर स्टेशन ते साइट असे कागद आणि नकाशे पोचवणारा माणूस हवा होता. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे. राहायला तिकडेच खोली. पुढे स्टोअरमध्ये बढती. भाऊजींना त्यानं महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती. त्या दिवसांत त्यांच्या चालण्यात काही वेगळंच आलं होतं. आंघोळ करताना गायचे.

मी — मी काय करत होते? मी पाणी उकळून देत होते. आणि मनात एकच चालू होतं. भाऊजी गेले की आईंना उचलणार कोण?

आता हरीकाकांबद्दल सांगायला हवं. हे सांगायचं टाळत मी इथवर आले, कळलं असेल तुम्हाला.

हरीकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मित्र, जवळच्या माकुणसार गावचे. त्यांचा विड्याच्या पानांचा मळा होता. करंड्या घेऊन मुंबईला जायचे, शुक्रवारी पालघरच्या बाजाराला यायचे. साठीच्या पुढचे, पण काटक. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसं त्यांना मुंबईची कामं सांगत. कोणाचं औषध, कोणाचा चष्मा, कोणाच्या लेकीच्या चोळीचा खण. काका कधी काही लिहून घेत नसत. कानशिलावर बोट ठेवून म्हणायचे, "आमी हितं ठेवतो." आणि कधी चुकले नाहीत. कधीच नाही. पानांच्या मळ्यापेक्षाही त्यांना ह्याचा अभिमान होता.

भाऊजींनी जुनं गॅस्केट नमुन्याला देऊन काम त्यांनाच सांगितलं.

तो शुक्रवार. भाऊजी बोईसरला ठेकेदाराच्या माणसाला भेटायला गेलेले. दुपारी काका दारात आले. मी भांडी घासत होते. पदराला हात पुसून बाहेर आले. त्यांनी जाड कागदात बांधलेलं पुडकं माझ्या हातात ठेवलं.

"घे सूनबाई, मदूचं ते तांब्याचं. वाकवू नको हां. दुकानदार बोलला, एवडं एकच उरलं होतं, अशी गाडीच आता नाय कोणाकडं."

मी पाणी दिलं, गूळ दिला. काका बाजाराला गेले.

त्यानंतर आत सासूबाईंनी आवाज केला. त्यांना उठायचं होतं. मी एकटीनं उचलायला गेले आणि आम्ही दोघी जमिनीवर आलो. त्यांचं सगळं अंग माझ्या मांडीवर. कपडे खराब झाले, त्यांचे आणि माझेही. त्या रडत होत्या, मी रडत नव्हते. मी कोपऱ्यातल्या पुडक्याकडे बघत होते.

सासूबाईंना कसंबसं निजवलं. मग ते पुडकं मी माझ्या ट्रंकेत, शालूच्या खाली ठेवलं. तेव्हाच ठरवलं होतं का? की नुसतं ठेवून बघितलं? अजून मला सांगता येत नाही. पण संध्याकाळी भाऊजींनी विचारलं, "काकांनी काही दिलं?" आणि मी भाकरी थापता थापता म्हटलं, "नाही. पाणी पिऊन गेले."

एवढ्यावर थांबलं असतं तर ती नुसती चोरी झाली असती. मी म्हणते, चोरीसुद्धा चालली असती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी सायकलवरून माकुणसारला गेले आणि काकांना घेऊनच आले. काका पायरीवरच उभे राहिले. रागावलेले नव्हते, गोंधळले होते.

"सूनबाई, मी तुज्या हातात दिलं. तू पदराला हात पुसलेस नि घेतलंस."

बघा, किती नेमकं आठवत होतं त्यांना. मी काय म्हणाले असेन? नुसतं "नाही" म्हटलं असतं तर माझा शब्द आणि त्यांचा शब्द समोरासमोर राहिले असते. मी तसं केलं नाही. मी हळू, मायेनं म्हटलं — मायेनं, हे ध्यानात घ्या — "काका, ते मागच्या खेपेला. आईंचं चोळायचं तेल दिलंत ना, तेव्हा मी हात पुसून घेतलं होतं. काल तुम्ही नुसतं पाणी प्यायलात."

तेल त्यांनी खरंच आणलं होतं. म्हणून तर ते बरोबर बसलं.

 काकांची नजर माझ्यावरून निघाली आणि कुठेतरी आत गेली. ओठ हलत होते. "तेल... हां. तेल दिलं होतं." खिसे चाचपत म्हणाले, "मग ते मी कुटं ठेवलं?"

भाऊजींचा चेहरा पडला होता, पण त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या काका. वयाप्रमाणं होतं असं." त्यांना माझ्यावर संशय कसा यावा? मी त्यांची वहिनी. त्यांच्या आईची सेवा करणारी.

काका स्टेशनात विचारून आले, करंड्या उपसून बघितल्या, मुंबईच्या दुकानात पुन्हा जाऊन आले. दुसरं गॅस्केट तिथे नव्हतंच. भाऊजींनी तांब्याचा पत्रा आणून स्वतः कापून बसवला. बोईसरच्या रस्त्यावर गाडी पुन्हा पांढरा धूर ओकायला लागली. ढकलत घरी आणली त्यांनी. मुदत टळली, ठेकेदारानं दुसरा माणूस घेतला.

मग एका दुपारी कासार मोडीची भांडी घ्यायला आला, तेव्हा मी ट्रंक उघडली. ते गॅस्केट तसं ओळखू आलं असतं, म्हणून बत्त्यानं ठेचलं. तांब्याच्या आतून पांढरा भुगा निघाला; आत ॲस्बेस्टॉस भरलेलं असतं, हे मला पुढे कळलं. फुटक्या तपेलीबरोबर ते गेलं.

आणि मला मिळालं काय? चार महिने. पावसाळा संपताच भाऊजी तारापूरला गेलेच — सायकलवरून, साध्या मजुराच्या कामावर. खोली नाही, स्टोअर नाही, टोपलीनं खडी वाहायची. पुष्कळ वर्षांनी फिटर झाले. सासूबाईंना उचलायला मी शेवटी एक बाई ठेवली. ते आधीही करता आलं असतं. सुचलं नव्हतं, असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. सुचलं होतं.

पण भाऊजी सावरले. लग्न झालं, मुलं झाली, आजही भेटले की हसतात. सावरले नाहीत ते काका. त्या दिवसानंतर त्यांनी कोणाचं काम अंगावर घेतलं नाही. कोणी सांगितलं की म्हणायचे, "माजं डोकं गेलं आता, पोराला सांग." घरात पोरानं ते ऐकलं आणि खरं धरलं. करंड्या मुलगा नेऊ लागला. मळ्याला पाणी सोडलं की नाही हे काका दोनदा, तीनदा जाऊन बघत. त्यांचं डोकं गेलं नव्हतं हो! ते जगात फक्त मला ठाऊक होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या नातीच्या लग्नात, माकुणसारला. सासूबाई तोवर गेल्या होत्या. मांडवात गडबड, आणि काका मागच्या ओटीवर एकटे बसलेले. उपरण्याच्या टोकाला गाठी मारलेल्या होत्या, ओळीनं. मी नमस्काराला वाकले. त्यांनी मला लगेच ओळखलं, जवळ बसवून घेतलं. गाठींकडं माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाले, "इसरायला होतं ना, म्हणून."

मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "सूनबाई, खरं सांग. ते मदूचं... मी नव्हतंच ना दिलं?"

तिथे कोणी नव्हतं. सासूबाई नव्हत्या, भाऊजींची नोकरी लागलेली. माझं काही जाणार नव्हतं. एक शब्द बोलले असते तर तो माणूस ताठ होऊन मांडवात गेला असता.

मी म्हटलं, "नाही, काका."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तू त्या दिशी बोललीस ते बरं केलंस. नायतर मी लोकांचं काय काय घालवलं असतं. तुजे उपकार हाएत पोरी." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी ते जोडू दिले.