रुपराव मास्तरांच्या घरचं रिश्टर

सक्करदऱ्याच्या रुपराव मास्तरांनी उभ्या नोकरीत पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवली. भूकंप चाराचा पाच झाला, तर तो एकाने वाढला असं म्हणायचं नाही; हादरा दहापट वाढतो आणि आतली ताकद बत्तीसपट. पोरं पेपर देऊन मोकळी झाली. लक्षात ठेवलं ते फक्त त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी.

मग घरात सगळंच त्या मापानं मोजलं जाऊ लागलं. भिवापुरी मिरचीचा रस्सा तीन, शेजारच्या वरातीतला डीजे चार, नणंदेचं रुसणं साडेचार. ‘पाच’ हा आकडा त्या घरात एकदाच निघाला होता, सासरे गेले तेव्हा.

मागच्या उन्हाळ्यात सुभद्राबाईंचं पोट दुखू लागलं. धरमपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, दुखणं दहापैकी किती? त्या म्हणाल्या, तीन. गोळ्या मिळाल्या. दिवाळीनंतर पुन्हा गेल्या, तेव्हा पाच म्हणाल्या. मास्तर त्या वेळी बाहेर चपलांवर लक्ष ठेवून बसले होते, कारण आधीच्या खेपेला तिथून त्यांचा नवा जोड गेला होता. दोनाचीच वाढ बघून डॉक्टरांनी गोळी तेवढी बदलली. घरी विचारलं तर बाई म्हणायच्या, काही नाही जी, गॅस आहे.

आता मोठ्या इस्पितळात नव्या डॉक्टरांनी सांगितलं की रोग यकृतापर्यंत गेलाय, फार उशीर झाला. दिवाळीनंतर दाखवलं तेव्हा किती दुखत होतं, असं त्यांनी विचारलं आणि सुभद्राबाईंनी प्रामाणिकपणे पाच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पाचाला कोण घाबरणार?

मास्तरांनी खाटेचा दांडा धरला. तिनाचं पाच म्हणजे शंभरपट. बाई दवाखान्यात जीव तोडून ओरडली होती, पण मास्तरांनी शिकवलेल्या भाषेत.

डॉक्टर गेल्यावर ते हळूच म्हणाले, “मले काहून नाही सांगितलं वं?”

“सांगितलं असतं तं तुम्ही शिकवत बसले असते जी.”

तेवढ्यात नर्स आली. आज किती दुखतंय, तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, सहा. नर्स मान हलवून पुढच्या खाटेकडे वळली.

मास्तर वाकले. “डॉक्टरचा सहा का आपला?”

“आपलाच जी. मले दुसरा कुठं येते?”

मास्तर नर्सच्या मागे धावले. तो सहा म्हणजे सहा नाही, असं काहीबाही सांगू लागले. पोरगी समजूतदार होती. तिनं शांतपणे विचारलं, मग काका, दहापैकी किती लिहू?

मास्तरांची बोटं उघडली, मिटली. तिचं माप दहावर संपत होतं. त्यांच्या मापाला वरचं टोकच नव्हतं.

“दहा लिहा,” ते म्हणाले. तेही कमीच पडत होतं. पण का, हे समजावून सांगायचं बळ आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या अंगात उरलं नव्हतं.