दाजींची उजेडातली पारख

आमचे दाजी कुठलीही वस्तू उजेडात धरून पाहिल्याशिवाय घरात घेत नसत. अंडी सगळेच धरतात. दाजी औषधाची बाटली धरत, नवं धोतर उलगडून धरत, दुधाचा ग्लास धरत, आणि लग्नपत्रिका आली की मजकूर वाचायच्या आधी तिचा कागद धरत. मी कॉलेजात असताना सायकलवरून पडलो, तेव्हा माझ्या हाताचा एक्स-रे डॉक्टरांच्या आधी दाजींनी दवाखान्याच्या खिडकीत धरला. "मोडलाय, पर सरळ मोडलाय," असा निकाल दिला. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. तिसगावच्या बाजूला एका हायस्कुलात ते प्रयोगशाळा सहायक होते. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं हे त्यांचं मुख्य काम, आणि ते त्यांनी तीस वर्षं असं केलं की बाहेर व्हरांड्यात उभं राहून आत कपाटातल्या बाटलीवरचं नाव वाचावं. "अक्षर लागलं न्हाई तर पोराचा हात भाजतोय," असं ते म्हणत. त्यांना शिक्षक व्हायचं होतं, ते राहून गेलं. मग त्यांनी घरातल्या सगळ्यांनाच वर्गात बसवलं. सर्वांत ढ विद्यार्थी मी. नगरला सरकारी कचेरीत कारकून झालो तरी दाजींच्या वर्गातून माझी कधी सुटका झाली नाही. त्यांनी मला "दिगूराव" म्हटलं की समजावं, आज परीक्षा आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी, सुजू, शिकायला पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर घरी पडून राहिला. निवृत्त झालेले दाजी त्याच्यासमोर बसले ते तिथलेच झाले. शाळेच्या गॅदरिंगची डीव्हीडी कुणीतरी कॉपी करून मागितली, इथून सुरुवात झाली. वर्षभरात पंचक्रोशीतली लग्नं, बारशी, साठीशांती असं सगळं आमच्या अक्काच्या पुढच्या खोलीत येऊन पडलं. लोक सगळ्यालाच "सीडी" म्हणत. दाजी प्रत्येकाला थांबवून सांगत, "सीडी न्हाई. डीव्हीडी." समोरचा म्हणे, "व्हय व्हय, तीच सीडी."

कोरी डिस्क निवडणं हा त्यांचा सोहळा असे. डब्यातून एक काढायची, दोन बोटांनी फक्त कडेला धरायची आणि स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत न्यायची. का, तर तिथला उजेड खरा. अक्का चुलीपुढून बाजूला सरके. मग दाजींचं व्याख्यान. "ही एक दिसती, पर ही दोन हायती. दोन पातळ चकत्या एकमेकीला चिकटवल्यात. मधी आपलं लगीन. चिकटवणाऱ्यानं हात आखडला की कडेनं हवा शिरती, आन् मग बाहेरनं आत सगळं सडत जातं. म्हणून कडा बघायची." टाचणीएवढा उजेड आरपार दिसला की नापास. कडेला लाट दिसली की नापास. नापास झालेल्या डिस्का अक्का चहाच्या कपाखाली ठेवी. पाहुण्याला चहा देताना दाजींना विचारी, "आज किती पोरं नापास झाली हो?"

राइट करायचं तेही सगळ्यांत कमी वेगानं, भारनियमनाचं वेळापत्रक बघून. ते चालू असताना खोलीत कुणी धपधप चालायचं नाही. मी एकदा शिंकलो तर त्यांनी मला बाहेर ओट्यावर बसवलं. कॉपी झाल्यावर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची, पुढे पळवायची नाही. "उतरली म्हंजी झालं असं न्हाई. बघितली म्हंजी झालं." त्यामुळे आयुष्यात कधी भेट न झालेल्या नवऱ्यामुलींच्या पाठवणीला दाजी डोळे पुसत बसलेले मी पाहिले आहेत. सिनेमा मात्र कुणी कितीही गळ घातली तरी कॉपी करून देत नसत. "ज्याचं हाय त्यानं विकावं. मी घरची माणसं उतरवतो, पिच्चर न्हाई." दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली माणसं घराला कुलूप लावून जाताना आपली लग्नाची डीव्हीडी दाजींकडे ठेवून जात. सहा महिने त्यांच्या कपाटात शे-सव्वाशे लग्नं सुखरूप नांदत.

प्रत्येक डिस्कची नोंद एका जाड वहीत असे. नंबर, कुणाची, कुठल्या डब्यातली, कुठल्या वेगानं, आणि शेवटचा रकाना 'पारख'. त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच मजकूर, "उजेडात पाहिली. चांगली."

आणि एक नियम होता, तो त्यांनी कधी मोडला नाही. जिवाभावाची गोष्ट असेल तर दोन प्रती करायच्या. दोन्ही वेगवेगळ्या कंपनीच्या डिस्कवर, वेगवेगळ्या दुकानातून आणलेल्या. एक आपल्या घरी ठेवायची, एक परगावी. आणि ठेवणीतली प्रत वाजवायची नाही. "एका डब्यातल्या सगळ्या एकाच दिवशी मरत्यात," असं ते म्हणत. मला ती त्यांची एक लहर वाटे. मला त्यांच्या बऱ्याच गोष्टी लहरी वाटत. माणसाला स्वतःचा आळस शहाणपणासारखा दिसतो, त्यातला प्रकार.

सुजूचं लग्न झालं. शूटिंगवाल्यानं डीव्हीडी दिली आणि टेप पुढच्या लग्नाला वापरून टाकली, तशी पद्धतच होती. त्या डीव्हीडीत शेवटी, जेवणावळी झाल्यावर आणि पाठवणीच्या आधी, अक्का होती. अक्का कॅमेरा दिसला की खांबाआड जायची. पण त्या दिवशी शूटिंगवाल्यानं तिला गाठलं. "काकू, लेकीला काहीतरी सांगा." अक्का म्हणाली, "तिला सांगायचं ते मी घरात सांगितलंय. गावाला कशाला सांगू?" मग कॅमेऱ्याच्या शेजारी मी दिसलो तशी तिचा आवाज चढला, "दिग्या, जेवला का रं? नवरदेवाची माणसं जेवली म्हंजी तू जेवला असं न्हाई!" आणि पदर तोंडाला लावून ती अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. ती इनमिन दोन-तीन मिनिटं. अक्का हलते, बोलते, हसते, असं जगात तेवढंच होतं.

मूळ डीव्हीडी आता पाहुण्यारावळ्यांत फिरणार, हे दाजींना ठाऊक होतं. त्यांचा फोन आला. "दिगूराव, शनिवारी येताना कोऱ्या डीव्हीड्या आना. दोन दुकानातनं. कंपनी वेगळी, डबा वेगळा. ह्या घरच्या हायती."

त्या शनिवारी मी मिसळ खात बसलो. खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि त्यात वेळ गेला. चांगली दुकानं बाजारात, लांब. बस लागलेली. स्टँडबाहेर एका हातगाडीवर मोबाईलची कव्हरं, इअरफोन आणि कोऱ्या डिस्का होत्या. मी म्हटलं, दोन वेगळ्या कंपन्यांच्या हव्यात. त्यानं एक लाल कागदाचा डबा दिला आणि एक निळ्या. मी विचारलं, "वेगळ्या आहेत ना?" तो म्हणाला, "कागद तर वेगळा हाय ना, साहेब." तो हसला. मीही हसलो. हे मी नीट लिहून ठेवतो, कारण मला फसवलं असं पुढे अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं. मला कुणी फसवलं नव्हतं.

तिसगावला पोचलो. दाजींनी लाल डब्यातली एक काढली, खिडकीत धरली. मग निळ्यातली. मग दोन्ही शेजारी शेजारी. नेहमीपेक्षा बराच वेळ ते बघत राहिले.

"दोन दुकानातनं आणल्या ना, दिगूराव? कडा सारखीच दिसती."

"हो दाजी. बाजारातून. दोन वेगळी दुकानं," मी म्हणालो. मिसळीचा ढेकर दाबून म्हणालो, हेही आठवतं.

ते पुन्हा बघायला लागले. तेव्हा अक्का पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, तो माझा भाऊ हाय. आता त्यालापण उजेडात धरता का?"

दाजी हसले. डिस्क खाली घेतली. "न्हाई बाबा. तू म्हणतो तर हायती," असं मला म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. दोन प्रती झाल्या, दोन्ही त्यांनी शेवटपर्यंत बघितल्या. अक्काचा प्रसंग आला तशी अक्का आतून ओरडली, "बंद करा ते!" लाल त्यांच्या कपाटात गेली, निळी मी नगरला नेली आणि बायकोच्या शालीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली. ठेवण्यात मी काही कमी केलं नाही.

मूळ डीव्हीडी वर्षभर फिरली आणि पाथर्डीच्या पाहुण्यांकडून मधल्या भोकापासून कडेपर्यंत तडकून परत आली. कुणाला फारसं वाटलं नाही. दोन प्रती होत्या ना. तीन वर्षांनी अक्का गेली. पोटाचं दुखणं, दीड महिन्यात आटोपलं.

वर्षश्राद्धाला सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर सुजू वडिलांना म्हणाली, "दादा, आईचं लावा ना." दाजींनी ठेवणीतली प्रत काढली. सगळे दाटीवाटीनं बसले. वरात आली, मंगलाष्टका झाल्या, पंगत बसली. आणि पंगतीत वाढणाऱ्याचा हात चौकोनी झाला. चित्राचे तुकडे तुकडे, मग एका जागीच थांबलेला जिलबीचा घास, मग काळं. दाजींनी डिस्क काढली, साबणाच्या पाण्यानं धुतली, मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसली. पुन्हा तोच घास. शेजारच्या घरातलं यंत्र आणलं. तिथंही तोच घास.

"दिगूराव, तुमची आना," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. त्यांच्या नियमावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

मी दुसऱ्या रविवारी निळी घेऊन गेलो. बसमध्ये ती छातीशी धरून बसलो होतो. देव मला ओळखत नसल्यासारखा त्याला विनवण्या करत होतो. निळी लाल जिथं थांबली होती तिथंच थांबली. तोच वाढपी, तोच हात, तोच जिलबीचा घास.

दाजी दोन्ही डिस्का घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत गेले. चुलीजवळ आता सरकायला कुणी नव्हतं. दोन्ही डिस्का कडेनं सारख्याच रुंदीत धुरकट झाल्या होत्या, जणू मापून. पाठमोरेच म्हणाले, "माझंच चुकलं. नजर गेली माझी."

ही बोलायची जागा होती. मी बोललो, "वय झालं की व्हायचंच, दाजी." आणि वर चहा मागितला.

दाजी खरंच डोळे तपासायला नगरला आले. मीच घेऊन गेलो त्यांना. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. त्यांना परत सोडायला मी बसमध्ये शेजारी बसलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "नजर तर चांगली हाय म्हणत्यात. मग काय झालं असंल, दिगूराव?" मी बाहेर बघितलं. भर एप्रिल होता. "ऊन, दाजी. आपल्याकडचा उन्हाळा." ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "व्हय," ते म्हणाले, "ऊन लई हाय." आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर त्यांनी ते काम सोडलं. ज्याची त्याची लग्नं ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. आणि कुणाच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी काहीही उजेडात धरणं सोडलं. दुकानदारानं दिलेली अंडी तशीच पिशवीत टाकत. माझ्याशी वागणं बदललं नाही, उलट गोड झालं. जाताना हाताला शेंगा, हुरडा, काहीतरी देतच. फक्त "दिगूराव" म्हणायचं थांबलं. नुसतं "दिगू" म्हणत. मला वाटलं, सुटलो परीक्षेतून.

दाजी गेल्या वर्षी गेले. सुजूनं घर आवरायला मला बोलावलं. आता डिस्क वाजवायचं यंत्रही कुणाच्या घरात नाही, सगळं फोनमध्ये. कपाटाच्या तळाशी ती जाड वही निघाली. सुजूला आईच्या डिस्कची नोंद हवी होती. पानं उलटताना शेवटच्या रकान्यात एकाखाली एक, ओळीनं, "उजेडात पाहिली. चांगली." "उजेडात पाहिली. चांगली." मग तिच्या लग्नाच्या दोन ओळी आल्या. लाल डबा. निळा डबा. वेग नेहमीचा. तारीख त्याच शनिवारची, शाईही तीच. शेवटच्या रकान्यात दोन्ही ओळींना महिरपी कंस घालून एकदाच लिहिलं होतं, "दिगूच्या शब्दावर."

"मामा, हे काय लिहिलंय दादांनी? माझा चष्मा आत राहिलाय," सुजू म्हणाली.

मी वही घेतली आणि पूर्वेच्या खिडकीपाशी गेलो. पान उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"अक्षर लागत नाही गं," मी म्हणालो.

दाजींचं अक्षर. बाहेर व्हरांड्यात उभं राहून वाचावं असं.