गाडीचं शेपूट

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या डब्यात कुणी नव्हतं. गाव धुळे जिल्ह्यातलं, नोकरी जळगावच्या एका सरकारी कचेरीत, त्यामुळे सुरत लाइनच्या पॅसेंजरने वर्षानुवर्षं माझं अप-डाऊन चालू होतं. दिवसभर साहेबांची पत्रं लिहायची आणि संध्याकाळी गाडीत बसून रेल्वेला लिहायची. ‘प्रवाशांची होणारी गैरसोय लक्षात घेता’ हे शब्द हाताला इतके सवयीचे झाले होते, की किराण्याची यादीसुद्धा मी तशीच सुरू केली असती.

गैरसोय खरीच होती. लाइन एकेरी. समोरून गाडी यायची असली की आमची पॅसेंजर कुठल्यातरी आडस्टेशनावर बाजूच्या रुळावर काढून ठेवायचे. याला आम्ही क्रॉसिंग म्हणायचो. आधी एक्स्प्रेस जायची, मग मालगाडी, मग आणखी एक मालगाडी. पॅसेंजर म्हणजे घरातली थोरली सून, सगळ्यांची पानं उठल्यावर तिचं ताट. डब्यात बायका मेथी निवडायच्या, पुरुष सरकारला शिव्या घालायचे, आणि मी पुढच्या अर्जाचा मजकूर मनात जुळवायचे. घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा. माय ओट्यावर बसलेली असायची, न जेवता.

‘लाइन दुहेरी करा’ हा आमचा शेवटचा अर्ज. त्यावर गावोगावच्या सह्या हव्या होत्या. मी मायपुढे कागद ठेवला. प्रौढांच्या वर्गात जाऊन ती सही शिकली होती आणि ती करायची संधी कधी सोडत नसे. तिने चष्मा लावला, पदराने हात पुसला आणि विचारलं, “मनी सही देखीसन गाडी लवकर येई का?”

“येई,” मी म्हणाले.

“मंग तू उजेडमा घर येशी.” एवढं बोलून तिने सही केली. तिचं शेवटचं अक्षर नेहमी रेघेबाहेर जायचं, तसं तेव्हाही गेलं.

आमचं शेत रुळांच्या पलीकडे होतं. गाव उत्तरेला, शेत दक्षिणेला, मधून रेल्वे. माय रोज सकाळी रूळ ओलांडून शेतात जायची आणि संध्याकाळी परत यायची. रूळ कसे ओलांडायचे हे तिला माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. आबा रेल्वेत गँगमन. रूळ तपासत चालणं, खडी भरणं, बोल्ट आवळणं यात त्यांचा जन्म गेला. माय सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. लग्न होईपर्यंत तिने गाडी पाहिली नव्हती. नवी नवरी म्हणून आली आणि पहिल्यांदा शेताकडे निघाली, तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून बाभळीमागे जाऊन बसली. सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी आबा तिला रुळांपाशी घेऊन गेले. त्यांचं एकमेकांशी पहिलं धड बोलणं झालं ते तिथे, असं माय लाजत सांगायची.

“घाबरू नको, ती पटरी सोडीसन येत नही,” आबा तिला म्हणाले. “गाडीनं शेपूट देख, मंग पाय टाक.”

शेपूट म्हणजे शेवटचा डबा. एकेरी लाइनवर हा नियम पक्का होता. एक गाडी समोरून निघून गेली, की ती पुढच्या स्टेशनात पोचेपर्यंत त्या तुकड्यात दुसरी गाडी सोडतच नाहीत. शेपूट दिसलं की रस्ता आपला. माय हा नियम शिकली, तिने तो मला शिकवला, शेजारणींना शिकवला, गल्लीतल्या सगळ्या लेकरांना शिकवला. इतक्या वर्षांत आमच्या पायवाटेवर शेळीसुद्धा गाडीखाली आली नाही.

मग आमचा अर्ज फळाला आला. म्हणजे आमच्याच अर्जामुळे आलं असं नाही, दिल्लीत कुणी माझं अक्षर पाहून भारावलं नसणार. पण पैसा आला, यंत्रं आली, आणि जुन्या रुळांशेजारी, गावाच्या बाजूला, दुसरे रूळ पडले. वर विजेच्या तारा आल्या. आमच्या स्टेशनाचा फलाट उंच झाला, त्यावर शेड आली, नळ आले, भिंतीवर कुणी कापसाच्या बोंडांचं चित्र काढलं. पायवाटेच्या तोंडाशी तारेचं कुंपण घालून अर्ध्या कोसावर रुळांखालून बोगदा काढून दिला. बोगद्यात आषाढात शिरलेलं पाणी दिवाळीपर्यंत हलत नसे. पंधरा दिवसांत कुंपणाला माणूस जाईल एवढं भगदाड पडलं. ते कुणी पाडलं हे गावात कुणी विचारलं नाही, मीही नाही.

दुहेरी लाइन सुरू झाली त्या दिवशी आम्ही डब्यात पेढे वाटले. आता क्रॉसिंग नाही, खोळंबा नाही. मी खरंच उजेडात घरी येऊ लागले. माझी गाडी पायवाटेजवळून जाताना माय पलीकडे बांधावर उभी असायची. मी डावीकडच्या दारात उभी राहायचे. ती विळा धरलेला हात वर करायची, मी पर्स वर करायचे. मग गाडी स्टेशनात शिरायची, ती गाडीमागून रूळ ओलांडायची, आणि मी स्टेशनावरून चालत येईपर्यंत तिने चूल पेटवलेली असायची. इतकं सुख मला नोकरी लागल्यापासून मिळालं नव्हतं.

काळजी मला वाटली होती, हे मी स्वतःच्या समाधानासाठी सांगत नाही. एका रविवारी मी मायला रुळांपाशी नेलं आणि समजावलं. आता रूळ दोन. एका गाडीचं शेपूट गेलं तरी तिच्याआड दुसरीकडून दुसरी येत असेल. ती दिसणार नाही, आणि विजेचं इंजिन पूर्वीसारखं धडधडतही नाही. शेपूट गेल्यावर थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग पाय टाकायचा.

माय हसली. “तुले चालाले कोनी शिकाडं? मी. आते तू माले शिकाडी राहिनी.” पण शिकली. काही दिवस तर मला चिडवायला मुद्दाम मान इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी फिरवायची, की बघणाऱ्याला वाटावं हिची मान धरली आहे. मी रोज विचारायचे, “देखं ना दोन्ही आंगे?” ती म्हणायची, “देखं, वो माय, देखं.” पुढे मी विचारायचं सोडून दिलं.

आबांनाही मी म्हटलं होतं, तुम्ही रेल्वेतले, तुमचं लोक ऐकतात, गल्लीत सगळ्यांना सांगा. आबांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. भुसावळच्या बाजूला दोन-दोन, तीन-तीन लाइनींवर त्यांनी काम केलेलं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. “दोन पटऱ्या दिसतस ना बठ्ठास्ले? डोया शेतस ना?” सगळ्यांना डोळे आहेत, दोन पटऱ्या दिसतात, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. आपण दिलेला नियम आता आपणच परत घ्यायला हवा, हे त्यांच्या मनात आलं नाही. मला त्यांचा राग आला होता. तो राग मी घशाखाली घातला, कारण आबांशी कोण वाद घालणार.

त्या दिवशी गाडी अगदी वेळेवर होती. बाजरी कापणीला आली होती. माय बांधावर उभी होती, तिने विळा वर केला, मी पर्स वर केली. तेवढ्यात माझ्या पाठीमागे, उजवीकडच्या रुळावरून, समोरून आलेली मालगाडी धडाधड जाऊ लागली. माझ्याशेजारी एक शिक्षिका उभ्या होत्या, त्याही रोजच्या अप-डाऊनवाल्या. मी त्यांना म्हणाले, “पूर्वी हिच्यासाठी आपण तासभर तरी सडलो असतो.” त्या हसल्या. मीही हसले. मागे लांब कुठेतरी भोंगा वाजला आणि बराच वेळ वाजत राहिला. आमची गाडी स्टेशनात शिरली.

मी उतरून नव्या फलाटावर नळाला तोंड धुतलं. स्टेशनाबाहेर पडले तर गल्लीतला एक ओळखीचा माणूस समोरून पळत आला. तो माझ्यापुढे आडवा झाला. “अक्का, आठेच थांब. पुढे नको जाऊ,” एवढंच तो बोलला. मला काय झालं ते विचारावं लागलं नाही.

पंचनाम्याची प्रत आणायला पोलिसांकडे मीच गेले. सरकारी कागद वाचण्यात माझी हयात गेली, कुठला शब्द कशाला वापरतात ते मला कळतं. त्यात लिहिलं होतं, ‘निष्काळजीपणे रूळ ओलांडत असताना.’ मी तो कागद टेबलावर आपटला आणि समोरच्या बिचाऱ्या पोरसवदा कारकुनावर ओरडले. त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं. पण माझी माय निष्काळजीपणाने गेली नाही. तिने गाडी पूर्ण जाऊ दिली, शेपूट नीट पाहिलं आणि मग पाय टाकला. ती नियम पाळून गेली. रोज नवा नियम पाळणारी ती त्याच दिवशी जुन्यावर का गेली, हे मला कळत नाही. मला हात करून दाखवण्याच्या नादात गेली असेल, असं मनात येतं आणि मी ते तिथेच दाबते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धमूर्तीशेजारी तिचा फोटो होता. त्रिशरण, पंचशील झालं, जमलेल्या लोकांनी ती किती कष्टाळू होती ते सांगितलं. डब्यातल्या मैत्रिणी आल्या होत्या. दुहेरी लाइनमुळे आता इतक्या लांबून येऊन वेळेत परत जाता येतं, असं त्यातली एक सहज बोलून गेली. आबा कोपऱ्यात बसून होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बघायचंही नव्हतं.

उभी बाजरी वाट बघत नाही. चार दिवसांनी मी आणि आबा शेतात गेलो. दिवसभर कापणी केली, कणसांचे ढीग घातले, बोलणं कामापुरतंच. संध्याकाळी परत निघालो आणि पायवाटेच्या भगदाडापाशी आलो, तेव्हा माझी रोजची पॅसेंजर आली. मी रजेवर होते, ती माझ्यावाचून वेळेवर होती. दारात उभी राहिलेली माणसं दिसली. एक एक डबा गेला. शेवटचा डबा गेला. आणि माझा पाय उचलला गेला.

मला सगळं ठाऊक होतं. त्या जागेवरून काय काय उचलून नेलं होतं तेही मी पाहिलं होतं. तरी पाय उचलला.

आबांनी माझं मनगट धरलं. म्हातारपणातही त्यांच्या बोटांत बोल्ट आवळायची ताकद होती, मनगट दुखलं. मी पलीकडच्या रुळावर पाहिलं. काही येत नव्हतं. दोन्ही बाजूंना लांबवर काही नव्हतं. आबांनी हात सोडला नाही.

“मीच शिकाडं व्हतं तिले,” ते म्हणाले.

“अर्जवर तिनी सही तं मीच लिधी ना, आबा,” मी म्हणाले.

गाडी स्टेशनात थांबून पुढे निघून गेली. नव्या फलाटावरचे दिवे लागले. घर समोर दिसत होतं, ओटा दिसत होता, मध्ये फक्त ते दोन रूळ. आबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं, आणि मागे फिरले. मी त्यांच्या मागे गेले. अर्धा कोस बांधाबांधाने चालून आम्ही बोगद्याशी आलो, चपला हातात घेतल्या, आणि मांडीपर्यंतच्या पाण्यातून एकमेकांना धरून घरी गेलो.