सोमवारचा विसावा

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक आधी बॅटरी उचलून बघतं आणि मग बोलतं. जड असली की मान हलते, हलकी असली की तोंड वाकडं होतं. येरमाळ्याला ही खोड माझ्या वडिलांनीच लावली. माझ्या जन्माच्या आधीपासून ते हायवेच्या कडेला ट्रॅक्टरच्या आणि ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या जिवंत करत बसलेले. त्यांच्या अंगात बिनभोकाचा सदरा मी कधी पाहिला नाही; प्रत्येकावर ॲसिडचे डाग. बॅटरी दोन्ही हातांनी जरा उचलायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, हिच्यात जीव आहे की नाही. बहुतेक वेळा खरं निघायचं.

मग त्यांची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि दुकानाचं काय करायचं हा प्रश्न आला. भाऊ मला नाही. शेजारचा टायरवाला तर टपूनच बसला होता, त्याला मधली भिंत पाडून आमचा गाळा भाड्यानं हवा होता. माझं सासर कळंबचं. नवऱ्याची नोकरी तिथंच. मी म्हटलं, मी रोज स्कूटीवर येईन आणि दुकान चालवीन. अण्णा, म्हणजे वडील, नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. पुढच्या पोळ्यापर्यंत बघू आणि मग टायरवाल्याला काय ते सांगू, एवढंच म्हणाले. म्हणजे माझी परीक्षा होती, आणि निकालाचा दिवससुद्धा ठरलेला होता.

लहानपणी मी त्या दुकानात अभ्यास करायची आणि अभ्यासापेक्षा बॅटऱ्याच जास्त शिकले. त्यामुळं काम मला येत होतं. गिऱ्हाइकाला ते पटत नव्हतं, ही अडचण होती. माणसं यायची, मला ओलांडून आत खुर्चीवर बसलेल्या अण्णांना विचारायची. अण्णा माझ्याकडं बघायचे, मी उत्तर द्यायची, आणि माणूस ते उत्तर अण्णांनीच दिल्यासारखा त्यांच्याकडं बघून मान डोलवायचा. मला राग लवकर येतो. पण दुकानात राग आला की मी बॅटरीची टर्मिनलं, वायर जोडायची ती टोकं, घासायला घ्यायची. त्या वर्षी आमच्याइतकी लखलखीत टर्मिनलं अख्ख्या हायवेवर कुणाच्या दुकानात नसतील.

ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांवर मी भागवू शकले असते, पण मला सोलरमध्ये पडायचं होतं. आमच्याकडं उन्हाला तोटा नाही. शेताशेतात सोलरचे पंप आले होते आणि लोक मला विचारायचे, पंपाला बॅटरी लागत नाही, मग तू घरात बॅटरी कशाला घुसवतेस? मी सांगायची की पाणी थांबतं. दिवसा विहिरीतून काढलं, हौदात सोडलं, की हौद हीच पंपाची बॅटरी. पण संध्याकाळी लागणारा उजेड दुपारी हौदात भरून ठेवता येत नाही. पॅनल सगळ्यांना हवं असतं, बॅटरीचा विषय काढला की माणसं पान खायला बाहेर जातात. लग्नात सगळे नवरदेवाला बघतात, आचाऱ्याकडं कुणी बघत नाही; जेवण बिघडलं की मात्र आधी आचाऱ्याचं नाव निघतं. आमचा धंदा आचाऱ्याचा.

पहिलं मोठं काम मिळालं ते वाशीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या दूध संकलन केंद्राचं. केंद्राचे मालक सत्तरीला आलेले, दावणीला खिलारी बैलांची जोडी बाळगणारे. त्यांना मी मामा म्हणायची. दूध येतं सकाळ-संध्याकाळ आणि लाइट जाते नेमकी संध्याकाळी. फॅट मोजायचं मशीन बंद, वजनकाटा बंद, मग अंदाजानं दूध घ्यायचं आणि अंदाजावरून भांडणं. मामा दुकानात आले तेही आधी अण्णांशीच बोलले. तरी काम मला दिलं. का दिलं ते मी विचारलं नाही. दिवाळीनंतर मी छतावर पॅनल चढवली आणि खाली सावलीत चार ट्यूबलर बॅटऱ्या मांडल्या. शहरातून एकजण लिथियमच्या बॅटऱ्या घेऊन फिरत होता, मऊ मऊ बोलायचा. मी मुद्दाम शिशाच्या ट्यूबलरच घेतल्या. त्या बिघडल्या तर मला उघडता येतात. पहिल्याच कामात मला दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नव्हतं.

पहिले दोन महिने मामांचा उजेड लांबून दिसायचा. सगळं गाव अंधारात आणि केंद्रावर बल्ब, काट्यावर लाल आकडे. गावातल्या आणखी तिघांनी घरी सेट बसवायचं ठरवलं. मी हवेत होते.

संक्रांत झाली आणि फोन यायला लागले. आधी, बॅटरी लवकर उतरते म्हणून. मग, मशीन मधेच बंद पडतं म्हणून. गाव दोन वेळा त्या केंद्रावर येतं. जे बंद पडायचं ते सगळ्यांसमोर बंद पडायचं. बाईमाणसानं बसवलंय, असंच व्हायचं, हे वाक्य माझ्यापर्यंत यायला वेळ लागला नाही. तिघांनी सेटचं पुढं ढकललं. मी दर बुधवारी जायची, कारण मंगळवारी देवीच्या गर्दीनं येरमाळ्यात आम्हाला मान वर करायला सवड नसते. पॅनलवरची धूळ पुसली. लिंबाची फांदी सावली टाकत होती, ती तोडून घेतली. वायरी बदलल्या, कंट्रोलर बदलला. हायड्रोमीटर घालून प्रत्येक सेलचं ॲसिड तपासलं. आकडे सगळीकडं सारखेच खाली. एक सेल खराब निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. सगळे मिळून हळूहळू मरत होते आणि का ते कळत नव्हतं.

अण्णांना सांगितलं की तुम्ही एकदा येऊन बघा. ते आले नाहीत. खुर्चीवरूनच म्हणाले, "बॅटरी कधी खोटं बोलत न्हाय. तुला तिला इचारता येत नसंल तर मग टायरवाला बरा."

मी त्या दिवशी रडले. कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, पण रडले.

ज्येष्ठात एका सोमवारी शेजारच्या गावात मैत्रिणीकडं बाळंतविडा द्यायला गेले होते. परत येताना वाट मामांच्या दारावरून होती. ऊन कडक, आभाळात ढगाचा ठिपका नाही. वाटलं, अशा उन्हात पॅनल किती देतंय ते बघून जावं. आत गेले तर पॅनलचा खटका खाली पाडलेला. बॅटऱ्या नुकत्या पुसलेल्या, चारही डोक्यांवर हळदी-कुंकू, वर झेंडूचं एकेक फूल. उन्हाचा एक थेंब आत येत नव्हता.

मामा गोठ्याच्या दारात बसले होते. मी विचारलं, "मामा, खटका कुणी पाडला?"

"म्या," ते शांतपणे म्हणाले. "आज सोमवार न्हाय का."

आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला विसावा. पेरणी अडली तरी मामांच्या दावणीची जोडी सोमवारी जागची हलत नसे. जो आपल्यासाठी राबतो त्याला आठवड्याचा एक दिवस द्यायचा, आणि बॅटरी तर रोज सकाळ-संध्याकाळ राबत होती. म्हणून रविवारचं संध्याकाळचं दूध झालं की मामा दोन्ही खटके पाडायचे, मशीन-दिव्यांकडं जाणाराही आणि पॅनलकडून येणाराही. उन्हाचं आत येणं हेसुद्धा तिचं राबणंच, असा त्यांचा हिशोब. सोमवारी लाइट गेली तर चुपचाप जुन्या मापानं दूध घ्यायचे. पहिल्या आठवड्यापासून हेच चाललं होतं.

माझ्या डोक्यात सगळं एकदम जागेवर बसलं. रविवारी संध्याकाळी रिती झालेली बॅटरी मंगळवारी ऊन वर येईपर्यंत रिकाम्या पोटी. शिशाची बॅटरी रिती ठेवली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, आणि दर आठवड्याला तो थोडा थोडा जाड होत गेला की तिची भूकच मरते. बुधवारी मी जायची तेव्हा दीड-दोन दिवसांचं ऊन पोटात गेलेलं असायचं, म्हणून मला खूण सापडत नव्हती. मी धूळ विचारली, सावली विचारली, किती दिवे लावता ते विचारलं. वार विचारला नव्हता.

मी चिडले. जे बोलायचं ते सगळं बोलले. प्लेटा, ॲसिड, थर, माझी बदनामी, मागं सरलेली तीन गिऱ्हाइकं. मामांनी ऐकून घेतलं. हे आधी का सांगितलं नाही म्हटल्यावर त्यांनाच नवल वाटलं. सोमवारी जुंपायचं नसतं हे काय सांगायचं असतं का, म्हणाले. आणि खरंच, कुणब्याच्या पोरीला ते विचारायला सुचायला हवं होतं. चूक माझीही होती. पण त्यांचं मन तसूभर हललं नाही. नेम मोडणार नाही, बॅटऱ्या मेल्या तर मेल्या, असं म्हणून ते पुन्हा गोठ्याकडं बघत बसले.

म्हणून मीही गोठ्याकडं बघितलं. जोडी सावलीत उभी होती. पुढ्यात कडब्याची गच्च वैरण, बाजूला पेंडीचं टोपलं, पाण्याचा हौद काठोकाठ. दोन्ही बैल निवांत रवंथ करत होते.

"मामा, सोमवारी बैलांना वैरण टाकता का न्हाय?"

"टाकतो की. रोजच्यापेक्षा जास्तीची. विसाव्याच्या दिशीच तर अंगी लागतंय त्येंच्या."

"मग माझ्या जनावराला दर सोमवारी उपाशी का ठेवता?"

मामांनी दावणीकडं बघितलं, बॅटऱ्यांकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले आणि पॅनलचा खटका वर केला. मशीन-दिव्यांचा खालीच ठेवला.

त्यातून जो नेम निघाला तो मी अजून पाळायला लावते. सोमवारी कामाचा खटका बंद, चाऱ्याचा चालू. पुढं मी एका कंपनीच्या शिकवणीला सोलापूरला गेले, तिथंही तेच सांगत होते, की शिशाच्या बॅटरीला आठवड्यातून एकदा तरी काठोकाठ भरू द्या. त्यांच्याकडं त्यासाठी इंग्रजी छापील कागद होता. आमच्याकडं सोमवार होता, आणि तो लोकांना पाठ होता. मला शेवटच्या बाकावर हसू आवरेना.

मामांच्या चारही बॅटऱ्या मी दुकानात आणल्या. अगदी कमी करंटवर, चुलीवर दूध आटवतात तशा, पाच दिवस भरत ठेवल्या. तीन सावरल्या. चौथीचा एक सेल उघडून बदलावा लागला. अण्णा खुर्चीवरून बघत होते. मधेच उठले, कंबर धरून जवळ आले, आणि डॉक्टरांनी बजावलेलं असताना एक बॅटरी जराशी उचलून डोळे मिटले. परत खुर्चीवर जाऊन बसले. मी टर्मिनल घासत राहिले.

बॅटऱ्या परत बसवल्या. श्रावणात आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, तरी फॅटचं मशीन बंद पडलं नाही. मग पोळ्याला मामांचा निरोप आला की बापलेक दोघांनीही यायचं.

गेलो तेव्हा जोडी सजली होती, शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल. बॅटऱ्यांच्या पेटीलाही गेरू लावलेला आणि पुढं पुरणपोळीचा नैवेद्य. जेवणं झाल्यावर मामी खण-नारळ घेऊन बाहेर आल्या. मी ओटीसाठी पदर पुढं केला. लेकीबाळी घरी आल्या की असंच करतात, मला त्याची सवय होती. मामींनी ओटी भरली आणि मामा म्हणाले, "ती लेकीची झाली. जनावर सांभाळणाऱ्याचं राहिलंय अजून."

पोळ्याला आमच्याकडं बैल सांभाळणाऱ्या गड्याला टॉवेल-टोपी देतात. वर्षभर ज्यानं वैरण-पाणी बघितलं त्याचा तो मान. मामांनी नवा कोरा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि पांढरी टोपी हातात दिली. ओसरीवर बसलेल्यांत सेट पुढं ढकललेले तिघंही होते. मामा त्यांना म्हणाले, बॅटरीचं काय असंल ते हिलाच इचारायचं, अण्णांना तरास द्यायचा न्हाय. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. मी टोपी घडी मोडून डोक्यावर घातली. त्या वेळी माझ्याइतकी ऐटीत मान कुणाची असेल तर त्या सजलेल्या खिलारी जोडीची.

आता मी लिथियमही विकते. गिऱ्हाईक उचलून बघतं, हलकी म्हणून तोंड वाकडं करतं, मग मी समजावते. तिला सोमवारची गरज नसते हेही सांगते. तरी लोक पाळतात. पाळू दे, तिचं काही बिघडत नाही.

पोळ्याच्या त्या संध्याकाळी आम्ही परत निघालो. स्कूटी माझ्या हातात, अण्णा मागं. जाताना ते मागची दांडी धरून बसले होते. हायवेला लागल्यावर वारा आला आणि माझी टोपी उडायला लागली. मी गाडी हळू करणार तेवढ्यात अण्णांनी मागून हात टोपीवर ठेवला आणि तो तसाच राहू दिला. येरमाळ्याच्या अलीकडं ते म्हणाले, "त्या टायरवाल्याला निरोप धाड. गाळा रिकामा न्हाय म्हणावं."

मी बरं म्हटलं. दुकान येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही.