गाई वळवणारं कुत्रं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना चढ चढायची मनाई केली. घरात सगळेच त्यांना आबा म्हणतात. आमचं घर वणीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे गायरानाचा चढ आणि चढावरून घराकडे येणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या द्राक्षबागा. सकाळी नवरा ओझरला कामावर जाण्याआधी गाई चढावर सोडून यायचा. अडचण संध्याकाळची होती. परत येताना मागे कुणी नसलं की गाई बागेत शिरणार, ठिबकच्या नळ्या तुडवणार आणि शेजाऱ्यांची बोलणी आम्ही खाणार.

नवरा म्हणाला, विकून टाकू. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, फक्त ते तो आबांच्या तोंडावर म्हणाला. आबांनी अन्नपाणी सोडलं वगैरे काही नाही. नीट जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "कुत्रं शिकवतो. मी फाटकात बसून आवाज देईन, ते गाई घेऊन येईल."

नवऱ्याने मोबाईलवर त्यांना विलायती कुत्र्यांचे व्हिडिओ दाखवले. काळीपांढरी कुत्री हिरव्यागार कुरणात जमिनीला पोट लावून धावत होती. आबांनी शेवटपर्यंत बघितलं. "जात शहाणी हाय," ते म्हणाले, "पण आपल्या गाया तिला विचारतील का?"

शेवटी असं ठरलं की पोळ्यापर्यंत थांबायचं. तोवर एकट्या आबांच्या आवाजावर गाई घरी आल्या तर राहतील, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन येईल. आबांनी मान हलवली. त्या गाई गेल्या तर आपल्याला दिवसभर खुर्चीत बसून करायचं काय, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, पण घरात सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

पिल्लू आणलं मेंढपाळांकडून. दरवर्षी त्यांच्या मेंढ्या आमच्या शेतात बसतात. तांबूस रंगाचं, मोठ्या पंजांचं पिल्लू होतं. आबांनी त्याला घरात घेऊ दिलं नाही. गोठ्यात वासराशेजारी बांधलं आणि गाय व्यायली तेव्हा पहिल्या चिकातला वाटा त्यालाही दिला. त्याच्या अंगाला गोठ्याचा वास लागला पाहिजे, म्हणजे गाई त्याला परका समजणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. एकदा ते वासराच्या शेपटीला लोंबकळलं. आबांनी त्याला मारलं नाही. सगळ्यात खडूस गाईच्या मागच्या पायांजवळ नेऊन बांधलं. शेपटीचा नाद तिच्या एका लाथेने सुटला.

पुढचं शिक्षण माझ्यावर आलं, कारण संध्याकाळी चालणारे पाय घरात माझेच होते. मी वणीला एका पतसंस्थेत कारकून आहे. तिथे पंजाबी ड्रेस आणि उघडं डोकं चालतं. घरी आले की साडी, आणि आबांसमोर डोक्यावर पदर. लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा वाढताना माझा पदर घसरला, तर आबांनी मला काही न बोलता नवऱ्याकरवी निरोप पाठवला होता. आम्ही एकाच ओट्यावर होतो, तरी निरोप. तेव्हापासून आबांचा आवाज आला की माझा हात आपोआप डोक्याकडे जातो. त्यांच्यासमोर मी मोठ्याने बोलतही नाही.

त्यामुळे शिकवणं असं चालायचं. आबा फाटकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, मी बाजूला उभी, माझ्या हातात कुत्र्याची लांब दोरी. आबा ओरडायचे, "वळव!" मी पदर सारखा करायची आणि कुत्र्याला घेऊन चढाला लागायची. गाईंना वरून वळसा घालायचा, समोरून जायचं नाही, भुंकू द्यायचं नाही, मागं राहिलेलीच्या खुराजवळ तोंड नेऊ द्यायचं, बस्स. काही आठवड्यांनी दोरी सोडली. मी निम्म्या वाटेपर्यंतच जायला लागले, मग रस्त्यापर्यंत, आणि पावसाळ्यात तर फाटकातून हलायचीही गरज उरली नाही. आबा ओरडले की कुत्रं सुटायचं आणि गाई दोन बागांमधून गुपचूप घरी यायच्या. आबा एवढे खूश होते की कुत्र्याशी ते माझ्यापेक्षा जास्त बोलायला लागले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने परीक्षा घेतली. मी ऑफिसात अडकले होते. घरी आले तर शेजारी बागेच्या तोंडाशी उभे राहून आरडाओरडा करत होते, नवरा आत शिरून गाई हाकत होता आणि आबा खुर्चीत बसले होते. त्यांनी घसा बसेपर्यंत आवाज दिला होता. कुत्रं जागचं हललं नव्हतं. ते घराच्या दाराकडे बघत बसलं होतं. नवऱ्याने व्यापाऱ्याला फोन केला. आबांनी त्याला अडवलं नाही, दिलेला शब्द पाळला. मला त्यांची दया आली आणि नवऱ्याची चीड, पण मी दोन्ही गिळून पुरणाची डाळ भिजत घातली.

आमच्याकडे बैल उरलेले नाहीत, पोळा गाईंवरच भागवतो. दुसऱ्या दिवशी नवरा गाई ओढ्यावर धुऊन आणत होता. तिथेच शिंगांना हिंगुळाचा लाल रंग लावून झाला होता. मी ओवाळायचं ताट घेऊन ओट्यावर आले. वाऱ्याने पदर मागे गेला, तो मी एका हाताने पुढे ओढला. कुणी तोंडातून शब्द काढला नव्हता. कुत्रं उठलं, रस्ता ओलांडून गाईंच्या मागे गेलं आणि ओल्या रंगाच्या शिंगांसकट सगळ्या गाई नवऱ्याला ढकलत फाटकातून आत घेऊन आलं.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "परत घे," ते म्हणाले.

"काय, आबा?"

"पदर. परत घे डोक्यावर."

मी घेतला. कुत्रं पुन्हा उठलं आणि अंगणातल्या गाईंभोवती फिरायला लागलं. नवरा हसायला लागला. आबा हसले नाहीत. आपण ज्याला आवाज देत होतो ते कुत्रं इतके दिवस सुनेचा पदर बघून पळत होतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

व्यापारी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. टेम्पो रस्त्यात लावून नवऱ्याशी बोलत उभा राहिला. गाई चढावर होत्या. परवाच्या नुकसानीचं बोलायला शेजारीही आले होते. आबा फाटकात खुर्चीवर बसले आणि त्यांनी मला हाक मारली. मी पदर घेऊन पुढे गेले, तसं कुत्रं उठलं.

"तू पदर काढ," आबा म्हणाले. मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. "काढ म्हणतो ना. माझ्यासमोर आता डोकं उघडंच ठेवत जा. त्याला दोन-दोन पदर नाय कळायचे."

मी पदर खांद्यावर घेतला. बघणारे समजले असतील की मला बरं वाटलं. मला राग आला. इतक्या वर्षांत माझ्यासाठी जे कधी सुचलं नाही, ते गाईंसाठी एका रात्रीत सुचलं होतं. तरी मी तिथून हलले नाही.

आबांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल उचलला आणि डोक्यावरून पुढे ओढला. मी घेते तसाच, कानाशी चिमटीत धरून. व्यापारी मोठ्याने हसला. "काय आबा, नवी नवरी का?"

आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "वळव!" ते ओरडले.

कुत्र्याने माझ्याकडे बघितलं. मी हात पाठीमागे धरले. मग त्याने आबांकडे बघितलं, थोडा वेळ बघतच राहिलं, आणि रस्ता ओलांडून चढाला लागलं. गाई बागांच्या मधून एकामागे एक खाली आल्या. आबांनी टॉवेल तसाच धरून ठेवला होता, पार शेवटची गाय फाटकातून आत येईपर्यंत, आणि व्यापाऱ्याने रिकामा टेम्पो वळवून नेला तरीही.